ब्लिट्झमधलं अडकलेलं रेटिंग: दर सात डावांमागे एक

एका बुद्धिबळपटूचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांचं रेटिंग २००० च्या थोडं वर, ओपनिंगची तयारी बरी, टॅक्टिक्स चांगलं. ऑनलाइन ब्लिट्झचं (काही मिनिटांच्या झटपट डावांचं) रेटिंग मात्र दोन वर्षं २२०० ते २३०० मध्येच वरखाली होतंय. रोज खेळूनही पुढे सरकत नाही. वेग वाढवण्यासाठी काय करावं? आणि ३+० (प्रत्येकाला तीन मिनिटं, बस्स) खेळावं की ३+२ (तीन मिनिटं आणि दर चालीला दोन सेकंदांची भर)?

वेगाचं आधी बोलू. २००० च्या वरच्या खेळाडूचा हात पुरेसा जलद असतो. तुमचा वेळ जातो तो नको त्या चालींवर, आणि उपायही तिथेच शोधायचा आहे. माउस भराभर हलवायची प्रॅक्टिस करून फार तर वीस-तीस गुण मिळतील.

रेटिंगचं गणित एकदा नीट समजून घ्या, म्हणजे काम किती लहान आहे ते कळेल. एलोच्या सूत्राप्रमाणे १०० गुणांनी वरचढ खेळाडूला खालच्याविरुद्ध साधारण ६४ टक्के गुण अपेक्षित असतात. म्हणजे आज ज्यांच्याशी शंभर डावांत ५० गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) करता, त्यांच्याशीच ६४ करू लागलात की तुम्ही १०० ने वर गेलात. फरक चौदा गुणांचा, दर सात डावांमागे एक. सहा डाव आज खेळता तसेच खेळा. जो एक हातातून निसटतो तो धरायचा आहे. दोन पराभवांच्या बरोबऱ्या केल्या तरी हिशेब तोच.

तो डाव सापडावा म्हणून शेवटचे पन्नासेक हरलेले डाव काढा आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिल्यात समोरच्याने सरळ चांगलं खेळून हरवलेले. दुसऱ्यात घड्याळात भरपूर वेळ असताना मोहरं फुकट दिलेले. तिसऱ्यात स्थिती समसमान किंवा जिंकलेली असताना टाइमवर गेलेले, किंवा शेवटच्या पंधरा सेकंदांत घाईने घालवलेले. तुमच्या ताकदीच्या ज्या ज्या खेळाडूंना मी हे करायला लावलं, त्यांच्यात तिसरा ढीग सगळ्यात जाड निघाला. पहिला ढीग आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो, आणि गंमत अशी की सगळे कष्ट मात्र त्याच ढिगासाठी चाललेले असतात. नवीन ओपनिंगचा कोर्स विकत घ्यायचा, विसाव्या चालीपर्यंत पाठ करायचा, आणि तो डाव महिन्यातून एकदा पटावर येणार.

तिसऱ्या ढिगातले डाव उघडले की लगेच स्टॉकफिश हे इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) लावू नका. आधी वेळ बघा. लिचेस या साइटवर विश्लेषणाच्या पानावर प्रत्येक चालीला लागलेल्या वेळेचा आलेख मिळतो. चेस डॉट कॉमवर चालींच्या यादीत चालीशेजारी सेकंद दिसतात. ज्या चालीवर दहा सेकंदांपेक्षा जास्त गेले, तिथे थांबा आणि एकच गोष्ट तपासा: इतका विचार करून शेवटी खेळलात ती चाल तुम्हाला पहिल्या दोन सेकंदांत सुचलेलीच होती का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' येतं. मग ते आठ-दहा सेकंद तुम्ही चाल शोधायला दिले नव्हते, स्वतःची खात्री पटवायला दिले होते. तीन मिनिटांच्या डावात ही चैन परवडत नाही.

एका विद्यार्थ्याचा डाव सांगतो, ३+० चा. क्वीन्स गॅम्बिट या ओपनिंगचं एक्स्चेंज व्हेरिएशन: १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उंट जी५, आणि पुढे दोघांचीही नेहमीची मांडणी, दोन्हीकडे छोटं कॅसलिंग. अकराव्या चालीला पोरगा १९ सेकंद बसला. प्रश्न काय, तर ए१ चा हत्ती बी१ वर आणायचा की ई१ वर. बी१ वर आणून बी४-बी५ असा मायनॉरिटी अटॅक (कमी प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर हल्ला) करता येतो; ई१ वर आणून मध्यभागी ई४ ची तयारी करता येते. दोन्ही चाली हजारदा खेळल्या गेलेल्या, इंजिनच्या लेखी फरक नगण्य. त्याने शेवटी बी१ खेळलं, जे तो एरवीही खेळतो. सतराव्या चालीला आणखी १६ सेकंद, असंच काहीतरी. विसाव्या चालीला त्याच्याकडे १ मिनिट १२ सेकंद, समोरच्याकडे १:५०. पुढे त्याने खरंच छान खेळून एक प्यादं मिळवलं, हत्तीचं एंडगेम आलं, प्यादं सातव्या ओळीवर पोचलं. राजा जी८ वर, प्यादं जी७ वर, हत्ती एफ फाइलवर (उभ्या ओळीवर): पुस्तकातली लुसेना पोझिशन, ठरलेल्या पद्धतीने जिंकता येणारी. घड्याळात सहा सेकंद. राजा बाहेर काढला, शह बसायला लागले, तो शहांपासून पळत राहिला आणि घड्याळ पडलं, म्हणजे वेळ संपला.

क्लास सुटल्यावर त्याचं म्हणणं, "सर, एंडगेममध्ये हरलो." त्या अकराव्या आणि सतराव्या चालीवरच्या पस्तीस सेकंदांचं त्याच्या लक्षातही नव्हतं.

आता वेळेचं अंदाजपत्रक. ३+० मध्ये १८० सेकंद असतात. डाव ४० चालींचा झाला तर दर चालीला साडेचार, ६० चालींचा झाला तर फक्त तीन. ३+२ मध्ये हेच ४० चालींना साडेसहा आणि ६० चालींना पाच सेकंद होतात. पण सरासरीने खेळणं हाच घोटाळा आहे. मी सांगतो तो हिशेब असा: पहिल्या पंधरा चाली ४० सेकंदांत. मग संपूर्ण डावात दोन मोठे विचार, मिळून पस्तीसेक सेकंद. उरलेल्या चाली तीन-साडेतीन सेकंदांच्या. असं केलंत तर पस्तिसाव्या चालीच्या पुढे तुमच्याकडे अर्धं मिनिट शिल्लक असतं, आणि या पातळीवर समोरच्याकडे बहुधा तेवढं नसतं.

ते दोन मोठे विचार कुठे वापरायचे, यावर मात्र माझं मत ठाम आहे. प्याद्यांची रचना कायमची बदलणारी मारामारी असेल तेव्हा. वजिरा-वजिरी किंवा शेवटच्या मोहऱ्यांची अदलाबदल करून एंडगेममध्ये उतरायचं असेल तेव्हा, त्यातही नुसत्या प्याद्यांच्या एंडगेममध्ये उतरताना तर नक्कीच, कारण तिथून परत फिरता येत नाही. आणि समोरच्याची चाल बघून तुम्ही चमकलात तेव्हा. तुम्ही चमकलात याचाच अर्थ तुमच्या हिशेबात काहीतरी सुटलं होतं, आणि ते काय हे बघितल्याशिवाय पुढची चाल करणं म्हणजे दुसऱ्या ढिगात भर घालणं. या तीन वेळा सोडल्या तर हत्ती कुठल्या फाइलवर, एच३ आत्ता की नंतर, असल्या प्रश्नांना तीन सेकंदांच्या वर द्यायचे नाहीत. दोन चाली सारख्याच चांगल्या वाटत असतील तर ज्यात आपला राजा जास्त सुरक्षित राहतो ती खेळायची.

ओपनिंगकडे आता याच नजरेने बघा. ब्लिट्झसाठी ओपनिंग निवडताना इंजिन किती गुण देतं हे जवळजवळ गैरलागू आहे. तुमच्या पहिल्या पंधरा चाली ४० सेकंदांत होतात का, आणि सोळाव्या चालीला काय करायचं ते ठाऊक असतं का, एवढंच बघायचं. रोज डोंबिवलीहून लोकल पकडणारा माणूस कुठल्या डब्यापाशी उभं राहायचं याचा विचार करत बसत नाही. मध्यडावात उतरताना तुमचं तसं व्हायला हवं. ते होतं एकच रचना पुन्हा पुन्हा खेळल्यामुळे.

म्हणून मी दोन्ही रंगांना एकच रचना येईल अशी जोडी सुचवतो. वरच्या डावातली प्याद्यांची मांडणी, जिला कार्ल्सबाड म्हणतात, ती पांढऱ्याने क्वीन्स गॅम्बिट एक्स्चेंजमध्ये येते. आता काळ्याने कारो-कान बचाव खेळा: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ सी×डी५. पट उलटा करून बघा. तीच रचना आहे, फक्त रंग बदललेत. अर्धी उघडी सी फाइल आता काळ्याकडे, आणि बी५-बी४ ढकलून सी३ वर कमकुवत प्यादं तयार करायची संधीही काळ्याकडे. एका रचनेचा अभ्यास दोन्ही रंगांना कामी येतो. हत्ती कुठे, घोडा कुठल्या घरात पोचला की पुरे, एच फाइलवरचा हल्ला कधी खरा आणि कधी पोकळ, हे शंभर डावांत अंगवळणी पडतं. कारो-कानविरुद्धच्या पानोव्ह अटॅकमध्ये आणि सिसिलियन बचावाविरुद्ध २. सी३ खेळल्यावरही एकट्या डी प्याद्याची रचना वारंवार येते, तीही अशीच जोडीने शिकता येईल.

सिसिलियनमधला नायडॉर्फ खेळत असाल तर सोडा असं मी म्हणत नाही. पाठ असेल तर तो धारदार आहेच. पण समोरचा सहाव्या चालीला काहीतरी आडवळणाचं खेळला की बारा सेकंद, आठव्या चालीला पुन्हा पंधरा, असं होत असेल तर तो क्लासिकलसाठी ठेवा. उलट टोकाला जाऊन फसव्या गॅम्बिटांच्या मागेही लागू नका. २३०० च्या वर ते सापळे सगळ्यांना माहीत असतात, आणि सापळा फसला की तुम्ही एक प्यादं कमी घेऊन वीस चाली बचाव करत बसता.

लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये स्वतःच्याच डावांची छाननी करता येते, फक्त ब्लिट्झचे वेगळे काढता येतात. तिथे वारंवार येणारी आणि तुमचे गुण कमी असलेली जागा शोधा. क्वचित येणाऱ्या व्हेरिएशनमध्ये शून्य टक्के असले तरी सोडून द्या.

प्रीमूव्हबद्दल, म्हणजे समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली चाल टाकून ठेवण्याबद्दल, गैरसमज फार आहेत, म्हणून थोडं सविस्तर. दोन्ही साइट्सचा नियम वेगळा आहे. चेस डॉट कॉमवर एकामागून एक अनेक प्रीमूव्ह टाकता येतात, पण प्रत्येकाचा ०.१ सेकंद घड्याळातून जातो. लिचेसवर एका वेळी एकच टाकता येतो, पण त्याला वेळ लागत नाही. शेवटच्या दोन सेकंदांत हा फरक निर्णायक ठरतो. चेस डॉट कॉमवर एक सेकंद उरला असेल तर प्रीमूव्हच्या दहा चालींत तो संपणार, हे माहीत असूनच घाई करायची.

सुरुवातीच्या चालींत डोळे मिटून प्रीमूव्ह टाकणाऱ्यांना फसवायची जुनी युक्ती आहे. १. डी४ जी६ नंतर काळ्याने 'उंट जी७' टाकून ठेवलं आहे असा संशय आला की पांढरा खेळतो २. उंट एच६. काळा जागा असेल तर तो उंट फुकट मारतो. पण प्रीमूव्ह पडला तर ३. उंट×जी७, एक मोहरं गेलं आणि कोपऱ्यातला हत्तीही धोक्यात. बुलेटमध्ये (एक-दोन मिनिटांच्या डावांत) हे रोज घडतं. म्हणून पहिल्या चार-पाच चालींत प्रीमूव्ह टाकून वाचणारे एक-दोन सेकंद घेऊच नका.

याउलट एक प्रकार जवळपास बिनधोक असतो: स्वतःच्याच मोहऱ्यावर टाकलेला प्रीमूव्ह. समजा तुमचा घोडा सी३ वर आहे आणि समोरच्याचा बी४ वरचा उंट तो मारणार असं दिसतंय. 'बी२ चं प्यादं सी३ वर' असं टाकून ठेवा. त्याने मारलं तर तुम्ही तत्काळ मारता. नाही मारलं तर सी३ वर तुमचाच घोडा उभा असल्याने ती चाल बेकायदा ठरते आणि आपोआप रद्द होते. उघडउघड होणाऱ्या प्रत्येक अदलाबदलीत ही सवय लावली तर डावामागे चार-पाच सेकंद सहज वाचतात. प्याद्याच्या तिरक्या चालीचंही तसंच, मारायला काही नसेल तर ती होतच नाही.

वेळ दोघांचाही कमी असताना काय करायचं? समोरच्याकडे तुमच्यापेक्षा कमी वेळ असेल तर वजीर पटावर ठेवा, त्याच्या राजाला शह बसू शकेल अशी स्थिती टिकवा आणि दर दोन-तीन चालींनी त्याचा प्रीमूव्ह मोडेल असं काहीतरी करा: एखादा शह, किंवा त्याला न दिसलेली साधी धमकी. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर उलट: अदलाबदल, बंदिस्त प्यादी, आणि जिथे राजा किंवा हत्ती दोन घरांत पुढे-मागे करत राहता येईल अशी रचना. बरोबरीचं एंडगेम पाच सेकंदांत राखता येतं. जिंकलेला मध्यडाव पाच सेकंदांत जिंकता येत नाही.

'फ्लॅग करणं (समोरच्याचा वेळ संपवून जिंकणं) हे बुद्धिबळ नव्हे' असं म्हणणारे आपल्याकडे बरेच आहेत, विशेषतः जुन्या पिढीत. मला ते पटत नाही. ३+० मध्ये वेळ हाही साहित्याचाच भाग आहे, तो समोरच्याने आधी खर्च केला तर दोष त्याचा. आवडत नसेल तर इन्क्रिमेंट (चालीमागे सेकंदांची भर) घेऊन खेळा, सोय आहे.

मात्र फ्लॅग करण्याआधी साइटचा नियम माहीत हवा. चेस डॉट कॉमवर समोरच्याचा वेळ संपला आणि तुमच्याकडे राजासोबत नुसता घोडा किंवा नुसता उंट असेल तर डाव बरोबरीत. लिचेस फिडेच्या विचाराने चालतं: कितीही विचित्र चाली करून का होईना, मात होऊ शकत असेल तर तुम्ही जिंकता. म्हणजे तुमचा घोडा, त्याचं एक प्यादं आणि त्याचा वेळ संपला, तर एका साइटवर बरोबरी आणि दुसरीवर विजय. २०१९ च्या मॉस्कोतल्या जागतिक ब्लिट्झमध्ये अलिरेझा फिरूझा विरुद्ध कार्लसन या डावात हेच झालं होतं. फिरूझाकडे उंट आणि प्यादी होती, कार्लसनकडे राजा आणि उंट. फिरूझाचं घड्याळ पडलं आणि डाव कार्लसनला मिळाला. तक्रार झाली, ती फेटाळली गेली. त्यामुळे लिचेसवर शेवटच्या सेकंदांत समोरच्याचा शेवटचा घोडा मारण्यासाठी आपला उंट देऊन टाकणं कधीकधी अर्धा गुण वाचवतं.

सेटिंग्जचंही इथेच उरकतो. लिचेसवर तिसऱ्यांदा तीच स्थिती आली तर बरोबरी मागावी लागते. ती आपोआप मागितली जावी असा पर्याय आहे, तो चालू ठेवा. चेस डॉट कॉमवर ती आपोआपच होते, त्यामुळे जिंकत असताना शह देत वेळ काढायची सवय असेल तर मोजून द्या. प्यादं आपोआप वजीर होण्याचा पर्याय चालू हवा. मोहरी सरकतानाचं ॲनिमेशन बंद करा. मोहरं ओढून खेळता की दोन घरांवर क्लिक करून, यात वाद घालण्यात अर्थ नाही, पण एकच पद्धत ठेवा.

एंडगेमचा सराव हा तिसरा ढीग कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि बलवान खेळाडूही तो चुकीच्या पद्धतीने करतात. लुसेना त्या विद्यार्थ्याला 'येत होती'. विचारलं असतं तर त्याने पूल बांधायची पद्धत सांगितली असती. पण ब्लिट्झमध्ये 'येणं' म्हणजे हाताला येणं. पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. हत्ती एफ४. काळा थांबतो, हत्ती एच१. हत्ती ई४ शह, राजा डी७. आता राजा एफ७, आणि काळ्याचे शह सुरू: एफ१ वरून शह, राजा जी६, जी१ वरून शह, राजा एफ६, एफ१ वरून शह, राजा जी५, जी१ वरून शह, आणि हत्ती जी४ मध्ये येतो. संपलं. ही पोझिशन कॉम्प्युटरसमोर मांडा, घड्याळ पंधरा सेकंदांचं लावा आणि जिंकत नाही तोवर पुन्हा मांडा. नंतर दहा सेकंद. मग हत्तीच्या एंडगेममधला फिलिडोरचा बचाव: समोरचं प्यादं सहाव्या ओळीवर जाईपर्यंत आपला हत्ती ती ओळ धरून ठेवतो, ते पुढे सरकलं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला आणि मागून शह.

काही निकाल नुसते पाठ असले तरी वीस सेकंद वाचतात. वजीर विरुद्ध सातव्या ओळीवरचं प्यादं: वजीरवाल्याचा राजा लांब असेल तर ए, सी, एफ आणि एच फाइलवरच्या प्याद्यांना बरोबरी, बाकीच्यांना वजीर जिंकतो. हे ठाऊक असलेला खेळाडू शर्यतीत कुठलं प्यादं ढकलायचं ते आठ चाली आधी ठरवतो. हत्ती विरुद्ध उंट आणि हत्ती विरुद्ध घोडा, दोन्ही बाजूंनी, दहा सेकंदांत खेळून बघा. आणि वजीर-राजा विरुद्ध एकटा राजा, तीन सेकंदांत, पॅट (शह नसताना त्याला एकही चाल न उरून होणारी बरोबरी) न करता. हसू नका, २४०० वालेही इथे पॅट करतात.

टॅक्टिक्ससाठी पझल स्टॉर्म, पझल रश ही घड्याळ लावून सोडवायची कोडी ठीक आहेत, सोपे नमुने पटकन दिसायला त्यांनी मदत होते. पण तिथे 'इथे काहीतरी आहे' हे आधीच माहीत असतं. डावात कोणी सांगत नाही. तुमच्या पातळीला जास्त उपयोग स्वतःच्याच दुसऱ्या ढिगाचा आहे: जिथे मोहरं घालवलं ती स्थिती एक चाल आधीपासून साठवून ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा सोडवा. दोनतीन प्रकार सतत परत येताना दिसतील. बहुतेकांचं मागे जाणाऱ्या घोड्याकडे आणि लांबून तिरकं बघणाऱ्या उंटाकडे दुर्लक्ष असतं.

बुलेट खेळावं का? थोडं. डाव सुरू करण्याआधी हात मोकळा व्हायला २+१ चे चार-पाच डाव पुरेत. १+० तासन्‌तास खेळणाऱ्याला समोरच्याची चाल न बघता खेळायची सवय लागते, आणि ती सवय ब्लिट्झमध्ये घेऊन येतो.

आता डोकं. एका डावाला साधारण सात-आठ गुण इकडेतिकडे होतात. दहा डावांच्या वाईट सत्रात ऐंशी गुण जाऊ शकतात, आणि तेवढ्याने तुमची ताकद बदललेली नसते. त्यामुळे २३०० वरून २२३० वर आलात म्हणून रात्री एक वाजता ते परत मिळवायला बसू नका. ओळीने दोन डाव जिंकलेल्या स्थितीतून हरलात की त्या दिवशीचं खेळणं बंद; नुसते दोन डाव हरलात तर खेळत राहा. हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारानंतर माणूस राग काढायला खेळतो. समोरचा इंजिन वापरतोय असा संशय आला तर रिपोर्ट करा आणि विसरा. चोरी सिद्ध झाली तर दोन्ही साइट्स गेलेले गुण परत देतात.

इंटरनेटबद्दल एकच सांगतो. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि दोघेही वेळ संपून हरले. बिघाड जागतिक पातळीवरचा निघाला आणि फिडेने भारत व रशियाला संयुक्त सुवर्ण दिलं. तुमच्या मंगळवारच्या डावाला कोणी संयुक्त गुण देणार नाही. वाय-फाय डळमळीत असेल तर केबल लावा, किंवा त्या दिवशी इन्क्रिमेंटवालं खेळा.

राहिला प्रश्न ३+० की ३+२. जागतिक ब्लिट्झ अजिंक्यपद ३+२ ने खेळतात, चेस डॉट कॉमची टायटल्ड ट्यूजडे ही किताबधारकांची स्पर्धा अनेक वर्षं ३+१ ने झाली. शिकण्यासाठी माझी पसंती ३+२ ला आहे, कारण त्यात एंडगेम खरंच खेळावं लागतं आणि डावानंतर बघण्यासारखं काही उरतं. वेळेचं अंदाजपत्रक अंगात भिनवायचं असेल तर मात्र महिनाभर ३+० खेळा. तिथे उधळपट्टी लगेच दिसते. क्लासिकलला याचा उपयोग नाही असं समजू नका. २०२५ च्या महिला विश्वचषकाची अंतिम फेरी बातुमीत झाली, दिव्या आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि विजेतेपद रॅपिडच्या टायब्रेकमध्ये ठरलं.

आणि समोरासमोरच्या ब्लिट्झ स्पर्धेत उतरणार असाल, तर आधीचे पंधरा दिवस ऑनलाइन कमी करून घरी लाकडी पटावर डिजिटल घड्याळ लावून खेळा. तिथे प्रीमूव्ह नाही, ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबावं लागतं, आणि स्क्रीनवर सपाट दिसणारा पट समोर बसून बघितला की लांबचे उंट पुन्हा दिसेनासे होतात. त्यासाठी पहिल्या काही दिवसांत चालीमागे एक सेकंद जास्त धरा.